आई परगांवीं जाते तेव्हां

गृहस्थाला कामानिमित्त घर सोडून जावें लागणें ही आपल्या समाजांत नवी गोष्ट नव्हे. पूर्वीं भिक्षुक दक्षिणेकरितां, कारकून स्वारीबरोबर, कीर्तनकार चातुर्मासाकरितां आणि नाटकमंडळींतील नट गांवोगांवच्या खेळांकरितां महिनेच्या महिने बाहेर राहत असत. मागें घराचें काय होत असेल ही काळजी त्यांना नव्हती असें नाहीं. परंतु ती काळजी वाहणारें माणूस घरांत ठेवूनच ते निघत, आणि तें माणूस म्हणजे त्यांची पत्नी. आज फरक पडला आहे तो येथेंच. ज्या माणसाच्या भरंवशावर पूर्वीं घर सोडलें जाई, तेंच माणूस आज रात्रीं हातांत बॅग घेऊन आमच्या कोल्हापूरच्या स्टेशनावर महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट पाहत उभें असतें. कोणी बँकेच्या शाखा तपासावयास निघालेली असते, कोणी औषधांच्या कंपनीच्या कामासाठीं, कोणी परगांवच्या महाविद्यालयांत परीक्षक म्हणून, तर कोणी पुण्या-मुंबईच्या कचेरींत चार दिवस हजेरी लावण्यासाठीं. आणि घरीं दोन-तीन वर्षांचें मूल झोपीं गेलेलें असतें.

असें मूल मागें ठेवून आईनें एकटीनें कामासाठीं जावें कीं नाहीं, या प्रश्नावर घराघरांतून दोन पक्ष पडलेले आढळतात. एक पक्ष म्हणतो, मुलापुढें नोकरीची मातबरी ती काय? दुसरा म्हणतो, दिवस बदलले, मुलें कशींही वाढतात. माझ्या मतें दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. आई जाते कीं राहते एवढ्यावरच मुलाचें सुखदुःख ठरत नाहीं. ती गेल्यावर तिची जागा घरांत कोणीं घेतली, तिचें जाणें-येणें मुलाला कळलें कीं नाहीं, आणि ती जागा घेणाऱ्या माणसाचे श्रम व अधिकार घरानें मानले कीं नाहीं, यांवर तें पुष्कळसें ठरतें. छत्तीस वर्षें शाळेंत मुलांच्या सहवासांत काढल्यामुळें, आणि गेलीं दोन वर्षें आमच्याच घरांत हा प्रसंग दर महिन्यास येत असल्यामुळें, या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

जुन्या ग्रंथांतला प्रवास

प्रवासाचा विचार आपल्या पूर्वजांनीं केलेला आहे, पण तो एका बाजूनें. कार्यासाठीं परदेशीं जाणाऱ्या पुरुषानें आधीं भार्येच्या निर्वाहाची तरतूद करावी व मगच निघावें, असा नियम मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत आहे. पति धर्मकार्यासाठीं गेला असल्यास पत्नीनें आठ वर्षें वाट पाहावी, विद्येसाठीं वा यशासाठीं गेला असल्यास सहा वर्षें, हेंही तेथेंच सांगितलें आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत ज्या आठ नायिका वर्णिल्या, त्यांत प्रोषितभर्तृका आहे. म्हणजे जिचा पति परगांवीं आहे ती. पत्नी परगांवीं गेली आहे आणि पति घरीं मुलाला थोपटीत बसला आहे, असा प्रकार त्या आठांत कोठेंच बसत नाहीं.

तथापि दोन गोष्टी आजच्या आईसाठीं त्या वाङ्मयांतून उचलाव्या असें मला वाटतें. पहिली मेघदूतांतली. यक्षाची पत्नी शापाचे उरलेले महिने उंबरठ्यावर फुलें मांडून मोजते. वाट पाहणाऱ्याला काळ डोळ्यांनीं दिसावा लागतो, हें कालिदासानें ओळखलें होतें. दुसरी गोष्ट आश्वलायन गृह्यसूत्रांतली. प्रवासाहून परत आलेल्या पित्यानें मुलाचें मस्तक हातांत धरून मंत्र म्हणावा आणि त्रिवार मस्तकाचें अवघ्राण करावें, असा तेथें विधि आहे. मुलीच्या बाबतींत तोच विधि मंत्राशिवाय करावा असें सूत्र सांगतें. हा भेद आज कोणी पाळूं नये हें उघड आहे. परंतु घरीं परतल्यावर मुलाला जवळ घेणें ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं संस्काराच्या योग्यतेची मानली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. या दोन्ही गोष्टींकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

ज्या आधीं गेल्या

लहान मूल असतां एकटीनें कामासाठीं दूरचा प्रवास केलेल्या स्त्रिया आपल्याकडे झाल्याच नाहींत असें नाहीं. त्यांत सर्वांत मोठें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांच्या धर्मांतराविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ बोललें गेलें. येथें त्यांच्याकडे केवळ एक आई म्हणून पाहूं.

रमाबाईंचें स्वतःचें बाळपणच प्रवासांत गेलें. त्या सहा महिन्यांच्या असतांना वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं गंगामूळचें अरण्यांतलें बिऱ्हाड मोडलें, आणि वेताच्या पेटाऱ्यांत घातलेलें हें मूल गड्याच्या डोक्यावरून तीर्थयात्रेस निघालें. १८८१ सालीं रमाबाईंना मनोरमा ही कन्या झाली. पुढल्याच वर्षीं पति बिपिनबिहारी मेधावी वारले. १८८३ सालीं त्या विलायतेस निघाल्या तेव्हां मनोरमा अवघी दोन वर्षांची होती, आणि ती आईबरोबर होती. तेथें रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत शिकत व संस्कृत शिकवीत. मुलीच्या सांभाळांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींचा मोठा वांटा होता. १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं रमाबाई मुलीला घेऊन अमेरिकेस गेल्या. याच आनंदीबाईंची आमच्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत, स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या वारल्या.

रमाबाईंना पुढें अमेरिकेभर व्याख्यानें देत व द्रव्य गोळा करीत हिंडावयाचें होतें. पांच वर्षांच्या मुलीला घेऊन तें होण्यासारखें नव्हतें. त्यांनीं मनोरमेस इंग्लंडांत परत पाठविलें आणि स्वतः १८८८ अखेरपर्यंत त्या विस्तीर्ण देशांत फिरत राहिल्या. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या कार्याला साह्य करणारी मंडळी स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. या यशाच्या पाठीमागें एका लहान मुलीचा दीर्घ वियोग आहे.

या हकीकतींतला आपल्या प्रश्नाचा भाग निराळाच आहे. मनोरमेवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांची माया होती, याबद्दल शंका घ्यावयाचें कारण नाहीं. परंतु मुलीला धर्माचें काय शिकवावें याविषयीं आई आणि सांभाळणारी यांच्यांत तीव्र मतभेद झाले. तो सर्व पत्रव्यवहार १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. दोघींच्याही मनांत मुलीचें हितच होतें. तरी आईचा शब्द कोठें संपतो आणि सांभाळणारीचा कोठें सुरू होतो, याची रेघ दोघींना एके ठिकाणीं ओढतां आली नाहीं. आपल्या घरांतून धर्माऐवजीं साखर, मोबाईल, नाहींतर दुपारची झोप हे विषय असतात. पण भांडण तेंच असतें. "रात्रंदिवस करतें मी, आणि शिकविणार ही फोनवरून!" असें आजी म्हणते, "मूल माझें, आणि मला विचारीतसुद्धां नाहींत," असें सून म्हणते. दोघीही खोट्या नसतात.

एवढा दुरावा झाला तरी मुलगी आईला परकी झाली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मनोरमाबाई मोठेपणीं आईच्याच कार्यांत आल्या, शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९२१ सालीं, आईच्या एक वर्ष आधीं, वारल्या.

शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला आणि पुढें त्या बाया कर्वे म्हणून सर्वांस ठाऊक झाल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षाच्या सुमारास पार्वतीबाईंना वैधव्य आलें. पदरीं एक मुलगा होता. बहिणीच्या आधारानें त्या पुण्यास आल्या, वयाची पंचविशी उलटल्यावर शिकूं लागल्या, हिंगण्याच्या आश्रमांत काम करूं लागल्या, आणि मग आश्रमासाठीं वर्गणी मागत गांवोगांव फिरल्या. १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, इंग्रजी फारसें येत नसतां, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें परक्यांच्या घरीं घरकाम करून राहिल्या आणि १९२० सालीं परत आल्या. 'माझी कहाणी' हें त्यांचें आत्मवृत्त १९२८ सालीं निघालें.

पार्वतीबाईंचें नांव आपण आदरानें घेतों तें योग्यच आहे. पण त्यांच्या पाठीशीं बाया कर्व्यांचें घर होतें. त्या घरांत स्वतःचीं मुलें होतीं, नात्यागोत्याचीं माणसें होतीं, आणि यजमान कॉलेजचें काम आटोपून हिंगण्याच्या झोंपडीकडे पायीं निघत. अशा घरांत रोजचा स्वयंपाक, रोजचें आजारपण आणि रोजचे हिशेब कोणी तरी पाहत होतें, म्हणूनच कोणी तरी दूर जाऊं शकत होतें. प्रवास करणाऱ्याचें नांव होतें. मागें राहणाऱ्याचें सहसा होत नाहीं. बायांनीं 'माझें पुराण' लिहून ठेवलें, तें १९४४ सालीं प्रसिद्ध झालें, म्हणून त्यांची बाजू निदान आपल्याला वाचावयास तरी मिळते.

खुद्द कोल्हापुरांतलें एक उदाहरण देऊन हा भाग संपवितों. १९३२ सालीं येथें प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. त्यांत तारामतीचें काम करणाऱ्या दुर्गाबाई खोटे मुंबईच्या सुशिक्षित घराण्यांतल्या आणि दोन लहान मुलांच्या आई होत्या. घर मुंबईस आणि काम कोल्हापुरास! कुलीन घरच्या स्त्रीनें चित्रपटांत जाणें हीच त्या वेळीं टीकेची गोष्ट होती. त्याच कंपनींत परगांवाहून येऊन राहिलेल्या पुरुषांना, "तुमचीं मुलें कोणापाशीं ठेवलींत?" असा प्रश्न कोणीं विचारला असेल असें मला वाटत नाहीं. आजही हा प्रश्न बाईलाच विचारतात.

सर्वांचें मूल

आतां मुलाकडे वळूं. लंडन येथील जेम्स व जॉइस रॉबर्ट्सन या दांपत्यानें आईपासून थोडे दिवस दूर राहिलेल्या लहान मुलांचें फार बारकाईनें निरीक्षण केलें. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं अशा पांच मुलांचे चित्रपट घेतले. आई बाळंतपणासाठीं रुग्णालयांत गेलेली, आणि घरचें मूल दीड-अडीच वर्षांच्या आसपासचें. चार मुलें त्यांनीं एकेक करून आपल्या घरीं आणून ठेवलीं. त्या मुलांचें न्हाणें, जेवणें, निजणें सर्व जॉइसबाई पाहत. आईच्या संवयी आधीं विचारून ठेवीत आणि मुलांशीं आईविषयीं रोज बोलत. मुलें कष्टी झालीं, पण सांवरलीं. पांचवें मूल म्हणजे सतरा महिन्यांचा जॉन. तो नऊ दिवस एका बालगृहांत होता. तेथें खाण्यापिण्याची आबाळ नव्हती, दायाही स्वभावानें चांगल्या होत्या. पण त्या पाळीपाळीनें बदलत. जॉननें एकीचा पदर धरावा तों तिची पाळी संपे. हळूहळू त्यानें प्रयत्नच सोडून दिला. नऊ दिवसांनीं आई न्यावयास आली तेव्हां तो तिच्याकडे जाईना.

हें वाचून एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपण थोडा विचार करावयास हवा. आपण अभिमानानें म्हणतों, आमच्या घरांत दहा माणसें आहेत, मुलाला काय कमी? पण सकाळीं काकू न्हाऊं घालते, दुपारीं आत्या भरविते, संध्याकाळीं आजोबा फिरावयास नेतात आणि रात्रीं ज्याला सवड असेल तो निजवितो, असें झालें तर तीं दहा माणसें म्हणजे त्या बालगृहांतल्या पाळीच्या दायाच होत. आई घरांत असते तेव्हां हें चालतें, कारण सर्वांच्या हातांतून फिरून मूल शेवटीं तिच्याकडे येतें. ती नसतां त्याला येऊन टेकावयास ठिकाण राहत नाहीं. सर्वांचें मूल तें अशा वेळीं कोणाचेंच नसतें.

म्हणून माझें पहिलें आणि मुख्य सांगणें असें कीं, आई निघण्यापूर्वीं मुलासाठीं एक माणूस नेमावें. तेंच उठवील, तेंच न्हाऊं घालील, तेंच निजवील. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग मूल दहा हातांतून फिरविण्यांत नाहीं. त्या एका माणसाचें बाकीचें काम दहा हातांनीं उचलण्यांत आहे. विभक्त कुटुंबांत हें साधत नाहीं, आणि येथेंच आपल्या जुन्या घरांचा मोठेपणा सिद्ध होण्यासारखा आहे.

आमच्या घरचा अनुभव

आमची सून एका बँकेच्या तपासणी-खात्यांत आहे. नातू अडीच वर्षांचा झाला त्या सुमारास तिला वरची जागा देऊं केली गेली. मात्र त्या जागेस महिन्यांतून आठ-नऊ दिवस सांगली, सोलापूर, रत्नागिरी या बाजूंच्या शाखांतून फिरणें आलें. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशीं मला म्हणाली, "मामंजी, मी नको म्हणून कळवितें. मूल विसरेल मला." नोकरी जाणार नव्हती; पण अशी जागा एकदां नाकारली कीं पुन्हां विचारीत नाहींत, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतलीं सर्व माणसें बसलीं.

प्रथम सर्वांनीं गृहीत धरलें कीं आजीच पाहील. आमच्या सौ.नीं तसें म्हटलेंही. परंतु त्यांचे गुडघे दुखतात. रात्रीं दोनदां-तीनदां उठणें त्यांना झेपण्यासारखें नाहीं. आजीची माया अमर्याद असते म्हणून तिची शक्तिही अमर्याद असेल असें धरून चालणें हा अन्याय आहे. मग मुलगाच म्हणाला, "माझें काम गांवांतलें आहे. त्याचें सर्व मी बघतों. माझीं बाहेरचीं कामें तुम्ही वांटून घ्या." त्याप्रमाणें बाजार माझ्याकडे आला, बिलें भरणें व दुरुस्त्या धाकट्या मुलाकडे, आणि स्वयंपाक सासू व धाकटी सून यांच्याकडे. सकाळीं मुलाला न्हाऊं घालणें, कचेरीस जाण्यापूर्वीं भरविणें, संध्याकाळीं वेळेवर घरीं येणें आणि रात्रीं गोष्ट सांगून निजविणें हें बापाकडे. मधल्या वेळेपुरती आजी. पुरुषानें हीं कामें करणें कांहींना विचित्र वाटेल. मुलाला तें विचित्र वाटलें नाहीं. आठवडाभर तें बापाच्या हातचा भात खाईना, मग खाऊं लागलें. ही संवय आई घरीं असतांनाच, निघण्याच्या आधीं महिनाभर लावली होती, हें विशेष सांगतों. आई गेल्यावर नवी संवय लावूं पाहणें म्हणजे एका दुःखावर दुसरें ठेवणें होय.

दुसरा नियम चोरून न जाण्याचा. आपल्याकडे मूल निजलें असतां, नाहींतर त्याला गच्चीवर नेऊन आईला मागच्या दारानें काढून देण्याची रीत आहे. विचारलें तर "आई दुकानांत गेली, आतां येईल," असें सांगतात. यांत रडणें टळतें, पण विश्वास जातो. पुढें आई नुसती अंघोळीला गेली तरी मूल दाराशीं बसून राहतें. कारण दृष्टीआड झालेली आई येईल कीं नाहीं याचा त्याला भरंवसा राहिलेला नसतो. आमच्याकडे सून मुलाला सांगून, त्याच्या देखत निघते. गाडी रात्रींची असली तर तो निजण्यापूर्वींच निरोप होतो. तो रडतो. बाप त्याला जवळ घेतो आणि रडूं देतो. पहिल्या खेपेस तें रडणें पाव तास चाललें. आतां जिन्यावरचीं पावलें ऐकूं येईनाशीं होईपर्यंतच चालतें.

तिसरा नियम मेघदूतांतल्या फुलांवरून सुचला. तीन वर्षांच्या मुलाला 'गुरुवारीं येईन' याचा अर्थ कळत नाहीं. म्हणून निघतांना सून जितके दिवस जाणार तितके चिंचोके एका वाटींत घालून देवघरांत ठेवते. रोज सांजवात झाली कीं नातू एक चिंचोका काढून डब्यांत टाकतो. वाटींत एक उरला कीं "उद्यां आई!" असा पुकारा घरभर होतो. या हिशेबांत फसवणूक चालत नाहीं. एकदां काम लांबलें, तेव्हां सुनेनें फोनवर स्वतः त्याला सांगितलें आणि बापानें त्याच्या समक्ष वाटींत एक चिंचोका वाढविला. त्याला राग आला, पण हिशेब खराच आहे हें त्यानें पाहिलें.

फोनचीही वेळ ठरलेली आहे. पडद्यावर आईचें तोंड दिसतें ही मोठी सोय खरी. पण निजायच्या वेळीं ती सोय उलटते, कारण दिसणारी आई हाताला लागत नाहीं. म्हणून फोन संध्याकाळीं, खेळून आल्यावर. आणि मुलाला बोलावयाचें नसेल तर 'आईशीं बोल, आईशीं बोल' असा आग्रह करावयाचा नाहीं.

चौथी गोष्ट अधिकाराची. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यांत जी रेघ ओढली गेली नाहीं, ती आम्हीं कागदावर ओढली. औषध, डॉक्टर, शाळा आणि शिक्षा यांविषयीं आईला विचारल्याशिवाय निर्णय नाहीं. जेवण, झोंप, खेळ आणि कपडे यांविषयीं घरीं असलेल्यानें ठरवावें. आईनें फोनवरून दुरुस्ती करूं नये. हा कागद दुधाच्या हिशेबाजवळ टांगलेला आहे. त्यानें सर्व कुरबुरी थांबल्या असें नाहीं, पण ज्या होतात त्या लहान होतात.

दुसऱ्या खेपेलाच आमची परीक्षा झाली. सून सोलापुरास असतां नातवाला रात्रीं १०२ ताप भरला. ठरल्याप्रमाणें त्याच रात्रीं तिला कळविलें. तिला काळजी वाटेल म्हणून लपविलें नाहीं. डॉक्टरांनीं भिण्याचें कारण नाहीं असें सांगितलें, तेंही कळविलें. यावें कीं राहावें हें मात्र तिनें ठरवावयाचें होतें. घरांतून कोणीं सुचविलें नाहीं. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "असली कसली नोकरी!" आमच्या सौ.नीं उत्तर दिलें, "त्याचा बाप उशाशीं बसला आहे. आणखी कोण हवें?" सून काम उरकून एक दिवस आधीं परत आली. ताप उतरला होता. तिनें हात पुढें केले, तों नातवानें पाठ फिरविली आणि बापाच्या खांद्यांत तोंड लपविलें.

असें मूल पाहून आईच्या काळजाचें पाणी होतें, आणि भोंवतालचीं माणसें "बघ, विसरला तुला!" असें हंसत म्हणतात. हा विनोद करूं नये. विसरलेलें मूल अनोळखी माणसाकडे पाहावें तसें पाहतें. पाठ फिरविणारें मूल रुसलेलें असतें, आणि रुसवा ओळखीच्या माणसाशींच होतो. सुनेनें बॅग तशीच ठेवली, हातपाय धुतले आणि कांहीं न बोलतां त्याच्या जवळ जमिनीवर बसली. अर्ध्या तासानें तो उठला, देवघरांतून वाटी आणली आणि उरलेला एक चिंचोका तिच्या हातावर ठेवला. तेव्हां कोठें तिनें त्याचें मस्तक छातीशीं धरलें. आश्वलायनांनीं सांगितलेला विधि याहून फारसा निराळा नसावा.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी

ज्यांच्या घरीं माणसें नाहींत त्यांचें काय, असा प्रश्न येईल. त्यांना मूल बरोबर नेणें हा एक मार्ग आहे; पण तेव्हांही बरोबर एक माणूस हवें, आणि त्याचा खर्च हा कामाचाच खर्च मानला पाहिजे. नोकरी देणाऱ्यांचेंही कांहीं कर्तव्य आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीनें बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि पन्नास वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय आवश्यक ठरली. हें चांगलें झालें. पण फिरतीच्या तारखा महिनाभर आधीं ठरवून देणें आणि त्या शक्यतों न मोडणें, याला कायदा लागत नाहीं आणि खर्चही लागत नाहीं. चार दिवसांचा ठरलेला प्रवास मुलाला सोसतो. उद्यां निघावयाचें कीं नाहीं हें आज रात्रींपर्यंत ठाऊक नसणें सर्व घराला सोसत नाहीं.

फारच लहान, म्हणजे अंगावर पिणारें मूल असेल, किंवा मूल वरचेवर आजारी असेल, तर वरचे नियम पुरे पडणार नाहींत. तेथें कांहीं काळ थांबणेंच बरें. पण तो निर्णय त्या घरानें आपल्या मुलाकडे पाहून घ्यावा. लोक काय म्हणतील याकडे पाहून घेऊं नये. आणि थांबावयाचें झालें तर तें आईनेंच, असेंही आधींपासून धरून चालूं नये.

मुलगा परगांवीं निघाला कीं त्याच्या हातावर दहीं घालण्याची आपली चाल आहे. सून निघाली असतां तिच्याही हातावर तें घालावें. आणि ती जिना उतरून गेल्यावर, जो मुलाला कडेवर घेऊन दारांत उभा असेल त्याला घरांतल्या प्रत्येकानें विचारावें, "आज तुझें कोणतें काम मी घेऊं?"